सस्पेन्स लव्हस्टोरी लिहितेय, हिरोईनला शेवटी हिरोच वाचवतो आणि तिथेच सगळं फसलंय

निसवलेली_केळ

नमस्कार सगळ्यांना. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, एकदा दुसऱ्या धाग्यावर नमुना टाकला तेवढाच, स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय तर सांभाळून घ्या. मी मूळची यावल तालुक्यातली, आता जळगावला असते, आणि गेलं दीड वर्ष पोरं झोपली की मोबाईलवर एक कादंबरी टाइप करतेय. प्रेमकथाच आहे पण सस्पेन्सवाली, म्हणजे दोघांचं जुळतंय का हे पण बघायचं आणि मागे कोण लागलंय हे पण.

गोष्ट अशी. वैजू, वय २६. केळीवाल्या घरातली, तीसेक एकर, दारात दोन ट्रॅक्टर, बाप पंचायतीत होता, गावात मान. बाहेरून बघणारा म्हणेल पोरीने नशीब काढलं. आत काय तर बाप मारायचा, अगदी लहानपणापासून, आणि मोठा भाऊ पुढे तेच शिकला. कारण काही लागत नाही, वरणात मीठ जास्त पडलं, मोबाईलवर मिस्ड कॉल दिसला, झालं. आई बघायची आणि चुलीकडे तोंड फिरवायची. २३ व्या वर्षी एका रात्री बाप आणि भाऊ रात्रीच्या लाईटीवर केळीला पाणी द्यायला गेलेत तेवढ्यात वैजू निघते. भुसावळला रेल्वेच्या भागात एका आजीबाईंकडे खोली घेते, मेडिकलच्या दुकानात कामाला लागते. तिथे निखिल भेटतो, असिस्टंट लोको पायलट. तो आधी पंधरा दिवस नुसता तिच्या मागे मागे दुकान ते खोली चालत येतो, मग एक दिवस ती हसते, वगैरे.

तीन वर्षं ठीक जातात. आणि मग आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठ दिवस आधी तिच्या खोलीच्या कडीला कोणीतरी बांगड्या अडकवून जातं. काचेच्या, हिरव्या, बरोब्बर तिच्या मापाच्या. दोन दिवसांनी सांजोऱ्यांचा डबा. म्हणजे माहेराहून आखाजीला जे जे येतं ते सगळं यायला लागतं, आणि तिला प्रत्येक वस्तूची भीती वाटते. इथपर्यंत माझं मला आवडलंय.

पुढे माझी गाडी घसरते. मी लिहिलंय की भाऊच शोधत आलेला असतो, तिला गाडीत घालून गावाला नेतो, जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही पाहिजे म्हणून खोलीत कोंडतो, निखिल येतो, केळीच्या बागेत मारामारी, सुटका, लग्न. नणंदेला वाचायला दिलं (तीच एक वाचक आहे माझी), ती म्हणाली वहिनी छान आहे पण वैजू पहिल्या दहा प्रकरणात जिवंत बाई आहे आणि शेवटी नुसती पोत्यासारखी इथून उचलून तिथे ठेवलीय. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पण खरंय ते.

आता तुम्हीच सांगा, हिरो बाजूला केला तर ती प्रेमकथा राहते का, आणि तीस एकरवाल्या बापासमोर ही मेडिकलमधली मुलगी स्वतः करून करून काय करू शकते? नुसतं पोलिसात गेली असं लिहिलं तर सस्पेन्सच संपतो ना. आणि आईचं काय करू ते मला अजिबात कळत नाहीये, तिचा राग येतो आणि लिहायला बसलं की येत नाही.

शेवभाजी_जहाल

पहिलं म्हणजे बांगड्यांची आयडिया जबरी आहे. आखाजीला लेकीला माहेरहून काही येणं ही आपल्याकडे सगळ्यात गोड गोष्ट आणि तूच तिला दहशत करून टाकलंस, पुण्यामुंबईच्या माणसाला हे सुचलंच नसतं. पण मग लगेच भाऊच आहे हे सांगून तू स्वतःच फुगा फोडतेस. अगं निदान दीडशे पानं तरी मला कळू नको देऊ कोण आहे.

दुसरं, निखिलवर संशय यायलाच पाहिजे. लोको पायलट तुला फुकटात मिळालाय आणि तू त्याला नुसतं डबा घेऊन फिरवतेस. माझा साडू त्याच लाईनमध्ये आहे म्हणून सांगतो, रात्री अडीचला ड्युटीचा कॉल येतो, माणूस उठून जातो, दुसऱ्या गावच्या रनिंग रूममध्ये झोपतो, इंजिनावर असताना मोबाईल बंद, दीड-दोन दिवस बायकोला पत्ता नसतो. आता वैजूसारखी मुलगी जिला प्रत्येक गोष्टीचा हिशोब ठेवायची सवय लागलीये, ती मनात जुळवणारच ना की बांगड्या आल्या त्या रात्री हा कुठे होता. डबा आला तेव्हा कुठे होता. प्रेम पण तिथेच आणि संशय पण तिथेच, वेगवेगळी प्रकरणं करायची गरजच नाही.

तिसरं जरा कडू आहे. तो पंधरा दिवस मागे मागे चालत येतो आणि मग ती हसते हे काढून टाक. ज्या मुलीच्या मागे घरचे लागलेत तिच्या मागे कोणी पंधरा दिवस चाललं तर ती हसणार नाही, ती खोली बदलेल.

काळा_कोट_जळगाव

वरच्यांशी सहमत. आणि नुसतं कडू नाही, गुन्हा आहे तो. बाईची इच्छा नसताना वारंवार पाठलाग करणं हे २०१३ पासून आयपीसी ३५४ड मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ७८. त्यामुळे ताई, तुमचा हिरो प्रकरण चारमध्येच आरोपी झालाय 🙂

आता कामाचं. तुमच्या गोष्टीला एक मोठं भोक आहे आणि ते कोणी वकील वाचकाच्या हाती लागायच्या आत बुजवा. तीस एकर कोणाची? बापाने स्वतःच्या कमाईतून घेतलेली असेल तर तो जिवंत असेपर्यंत त्यात मुलीचा हक्कच नाही, मग हक्कसोडपत्र कशाला पाहिजे, कोंडायचं कारणच उरत नाही. जमीन एकत्र कुटुंबाची, जुनी, वडिलोपार्जित असली पाहिजे. त्यात मुलगी जन्मानेच हिस्सेदार. हिंदू वारसा कायद्यातली ही दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ लाच आली होती, देशभरात ९ सप्टेंबर २००५ पासून, आणि त्या तारखेला बाप जिवंत पाहिजे की नको हा घोळ सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला, नसला तरी चालतो. फक्त आजोबांकडून आली म्हणजे ती आपोआप वडिलोपार्जित असं समजू नका, १९५६ नंतर वारसाने आलेल्या जमिनीत वेगळ्या भानगडी आहेत. तुम्ही पणज्यापासूनची, कधी वाटणी न झालेली असं लिहा आणि पुढे चला. बँकेचं मोठं कर्ज काढायचंय किंवा जमीन विकायचीय आणि सातबारावर बहिणीचं नाव आडवं येतंय, असं रोज बघतो आम्ही. रक्षाबंधनाला साडी आणि दुसऱ्या दिवशी सहीसाठी दुय्यम निबंधकाच्या (दस्त नोंदणीच्या) ऑफिसला.

"ती स्वतः काय करू शकते" याबद्दल. लोकांना वाटतं घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त नवरा-सासूसाठी आहे. नाही. रक्ताच्या नात्यालाही आहे, मुलगी बापावर अर्ज करू शकते, बहीण भावावर. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि अजून निम्म्या लोकांना हे माहीत नाही. मारहाणच नाही तर शिव्या, टोमणे, पैसे अडवणं, हिस्सा दाबणं हे पण त्यात येतं. अर्ज मॅजिस्ट्रेटकडे, कलम १२ खाली, संरक्षण अधिकाऱ्यामार्फत पण देता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं कागदावर आहे. कागदावर म्हणालो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि पोलिसात गेल्यावर सस्पेन्स संपतो असं ज्याला वाटतं तो कधी पोलिसात गेलेला नाही. तिथूनच सुरू होतो.

नाव_नको_आज

मी नेहमी दुसऱ्या नावाने लिहिते, आज वेगळं घेतलंय.

ताई तुमच्या गोष्टीत मार बराच आहे का? असेल तर कमी करा. मार लिहायला सोपा असतो. मला माझा मार फारसा आठवतच नाही, मला आठवतो तो गाडीचा आवाज. आमच्याकडे राजदूत होती. नाल्याच्या चढावर गिअर बदलल्याचा आवाज यायचा आणि आम्ही तिघी, मी, बहीण आणि आई, जिथे असू तिथे थांबायचो. गाडी स्टँडवर कशी लावली त्यावरून कळायचं आजची रात्र कशी. सावकाश लावली तर जेवण होईल. आपटली तर बहीण अभ्यासाचं पुस्तक घेऊन माळवदावर जायची आणि मी ताटं वाढायला घ्यायचे कारण मी मोठी. आता चाळिशी ओलांडली, दुसऱ्या जिल्ह्यात राहते, राजदूत रस्त्यावर दिसतसुद्धा नाही, तरी सोसायटीत कोणी गाडी जोरात स्टँडला लावली की माझा हात चालता चालता थांबतो. हॉटेलात मी भिंतीला पाठ लावूनच बसते, नवऱ्याला माहितीये, तो न बोलता समोरची खुर्ची घेतो.

हे लिहा ना. तुम्ही म्हणता प्रेमकथा राहते का, मला वाटतं प्रेम एवढ्यातच असतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याच्या हातून काचेचा बाउल फुटला आणि मी सॉरी म्हणाले. त्याच्या हातून फुटला होता. तो हसला नाही, समजावून सांगायला पण बसला नाही, नुसता झाडू आणायला गेला. मी दाराआड उभी राहून बघत होते आता काय होतं. काही झालं नाही. हे असं काही न होणं खूप दिवस चालावं लागतं, तेव्हा कुठे माणूस जवळ येतो.

आणि निघून गेल्यावर लगेच मोकळा श्वास वगैरे नका लिहू. पहिले कित्येक महिने मला झोप नव्हती कारण शांतता होती. घरी आवाजावरून सगळं कळायचं, इथे काहीच आवाज नाही म्हणजे कळायचं कसं. आणि आठवण यायची, ज्याचा मार खाल्ला त्याचीच. आठवडी बाजारातून तोच माणूस गरम जिलबी आणायचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कागदाला तेल सुटलेलं, आणि आधी मला द्यायचा. नुसता राग करता आला असता तर सोपं होतं.

एक विचारू का? बांगड्या बरोबर मापाच्या होत्या असं लिहिलंय तुम्ही. भावाला बहिणीच्या बांगडीचं माप माहीत असतं का हो? माझ्या भावाला विचारलं तर त्याला दोन-चार आणि दोन-सहा म्हणजे काय तेच कळणार नाही.

शेवभाजी_जहाल

अरे बापरे. अंगावर काटा आला खरंच. म्हणजे बांगड्या आईने पाठवल्यात.

आणि आईला पत्ता माहितीये म्हणजे एकतर ती वैजूला सावध करतेय की हे लोक निघालेत, किंवा तिच्याकडूनच पत्ता फुटणार आहे. वैजूला कळायला मार्ग नाही की हा निरोप आहे की सापळा. संपलं, हाच सस्पेन्स, बाकी काही नको.

दोंडाईचा_फास्ट

मी मधेच एक बोलतो भाषेवर. तुम्ही आधी दुसऱ्या धाग्यावर नमुना टाकला होता त्यात वैजूची आजी म्हणते "कोठे जाई ऱ्हायनी व". ताई ही आमची धुळे-नंदुरबारकडची अहिराणी झाली. यावल-फैजपूरची आजी असं बोलेल का? तुमच्याकडची बोली वेगळी, लेवा म्हणा की अजून काय म्हणा. खान्देश म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी "शे" (म्हणजे "आहे") घालायचं हे सिरियलवाले करतात, तुम्ही तर तिथल्याच ना. नाहीतर आजीला शिरपूर-शिंदखेड्याची माहेरवाशीण करा, मग चालेल, आणि सुना तिला त्यावरून हसतात असं पण घालता येईल.

आणि पळायचा रूट बदला अशी विनंती. यावलहून भुसावळ म्हणजे काय, शेजारच्या गल्लीत लपल्यासारखं. केळीच्या व्यापाऱ्यांचं सगळं गणगोत तिथे येतंजातं. तिला सुरत लाईनला टाका, जळगावहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर. नवापूर स्टेशन माहितीये ना, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, एका बाकड्याचासुद्धा अर्धा भाग इकडे अर्धा तिकडे. क्लायमॅक्स तिथे करा. ती बाकड्याच्या गुजरातच्या टोकाला बसलीये, भाऊ महाराष्ट्राच्या टोकाला, आणि पोलीस म्हणतात हद्द आमची नाही!

काळा_कोट_जळगाव

सीन मस्त आहे पण पोलिसांना ते म्हणता येणार नाही. झिरो एफआयआर असते, हद्द कुठलीही असो तक्रार लिहून घ्यायची आणि मग पाठवायची. आधीपासून होतंच, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये सरळ लिहूनच टाकलंय. अर्थात पोलीस तसं म्हणतातच, तो भाग वेगळा. तुमचा पोलीस म्हणो, आणि वैजूला कलम माहीत असो. मेडिकलच्या दुकानात बसून रिकाम्या वेळात ती मोबाईलवर हेच वाचते असं दाखवा की.

बाकी भुसावळच ठेवा असं माझं मत. तिला पैसे किती होते? दोनशे-तीनशे रुपये घेऊन निघालेली बाई लांब जात नाही हो, पहिली गाडी जिथे सोडते तिथे राहते.

स्पष्टवक्ता_६२

सगळं वाचलं. आजकाल लेखिकांना घरातलीच भांडणं का दिसतात? आईबाप रागावतात, एखादी चापट मारतात, त्याला लगेच हिंसाचार म्हणायचं. आमच्या पिढीने बापाचा मार खाल्ला म्हणून आम्ही सरळ झालो. आणि बहिणीने भावाला जमीन सोडणं ही आपली रीत आहे, तिला आयुष्यभर माहेर राहतं. असं लिहून घरं तोडू नका.

शेवभाजी_जहाल

काका, सरकारच्याच २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांहून जास्त जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय, आणि त्यात बापाभावाचा हात धरलेलाच नाही. चापट कुठे संपते आणि दुसरं कुठे सुरू होतं हे खाणाऱ्याला विचारतात, मारणाऱ्याला नाही.

आणि ताई, काकांना हाकलू नका. त्यांचं हे शेवटचं वाक्य जसंच्या तसं वैजूच्या मामाच्या तोंडी घाला, "तिला आयुष्यभर माहेर राहतं". त्या तसल्या माहेरासाठी.

निसवलेली_केळ

एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं. काल रात्री वाचत बसले, नवऱ्याने दोनदा विचारलं झोपत का नाहीस.

दोंडाईचा भाऊ, चोरी पकडलीत. आजीचं बोलणं मी एका शिरपूरच्या मैत्रिणीकडून उचललं होतं, कानाला गोड लागलं म्हणून. आमच्याकडे "कुठी चालली व" म्हणतात. शिरपूरची माहेरवाशीण करते, ती आयडिया आवडली.

नाव नको ताई, तुमचं बांगडीच्या मापाचं वाचून मी उठून किचनमध्ये गेले आणि पाणी प्यायले. मी स्वतः ते वाक्य लिहिलं होतं, "तिच्या मापाच्या", आणि मला स्वतःला कळलं नव्हतं की मी काय लिहून बसलेय. आईच असणार. पण आई एकटी भुसावळला येऊन कडीला बांगड्या अडकवू शकत नाही, तिला तर बाजारालासुद्धा एकटीला सोडत नाहीत. मग गावोगाव फिरणारी बांगडीवाली? ती प्रत्येक घरात शिरते, तिच्यापुढे बायका हात पुढे करतात आणि हात बघून तिला सगळं कळतं. दंडावरचं पण.

वकील साहेब, आता तुम्हाला विचारते. मला तिला गावाला न्यायचंच आहे पण उचलून नाही, तिच्या पायाने. आईसाठी जाईल का ती? आणि गेली तर सही करून येईल का, आणि केली तर मग काय.

नाव_नको_आज

घरी पाठवू नका तिला. कृपा करून. आईसाठी परत गेलेल्या मी बघितल्यात, परत निघायला पाच पाच वर्षं लागतात, काही निघतच नाहीत. घराच्या उंबऱ्यावर पाय पडला की २६ वर्षांची बाई नऊ वर्षांची होते, आवाजच फुटत नाही. भेटायचंच असेल तर बाहेर भेटू दे. चारचौघांत.

काळा_कोट_जळगाव

नाव नको ताई म्हणतात ते बरोबर आणि तुमच्या क्लायमॅक्सची जागा पण त्यातच आहे. घरी नाही, केळीच्या बागेत नाही, तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात.

हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय चालत नाही. म्हणजे बाप आणि भावाने कितीही कोंडलं, कितीही मारलं, तरी एक वेळ अशी येतेच की त्यांना तिला घेऊन त्या ऑफिसात यावं लागतं. फोटो, अंगठा, ओळखायला माणसं. आणि तिथे नोंदणी करणारा अधिकारी विचारतो की हा दस्त तुम्ही करून दिलाय का, कबूल आहे का. रोज शंभरदा विचारतो, मान वर न करता विचारतो, समोरचा हो म्हणतो, ठक्क, पुढचा. त्या क्षणी ती "नाही" म्हणाली, मी करून दिलेला नाही, तर नोंदणी कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे त्याला नोंदणी नाकारावी लागते. त्याच्या मनात असो नसो. घरी आधीच धाकाने सही घेऊन ठेवली असली तरी कबुली तिथेच द्यावी लागते.

त्या घरात जी मुलगी २३ वर्षांत एकदाही बापासमोर नाही म्हणालेली नाही, तिने ते तिथे म्हणायचं. रांगेत लोक उभे, बाहेर स्टॅम्पवेंडर, चहावाला, झेरॉक्सवाला, ज्या गावात बापाला मान आहे तिथलीच चार माणसं बाकड्यावर. बाप तिथे हात उचलू शकत नाही. ती स्वतः निरोप पाठवते की सही करायला येते, पण थेट ऑफिसात. जायच्या आधी संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज देऊन ठेवते, १८१ या महिला हेल्पलाइनला बोलून ठेवते, म्हणजे बाहेर पडल्यावर ती एकटी नाही. खरा सस्पेन्स ऑफिसचं दार ते रिक्षा या शंभर पावलांचा आहे, ते दहा पानं लिहा.

आणि हो, तरीही सही केलीच असं करायचं असेल तर धाकाने घेतलेला दस्त रद्द करायला दावा लावता येतो, तीन वर्षांची मुदत असते. पण ती दुसऱ्या भागाची गोष्ट झाली.

शेवभाजी_जहाल

आणि निखिल त्या वेळी मालगाडीवर. मोबाईल बंद. त्याला काहीच माहीत नाही. रात्री येतो आणि विचारतो जेवलीस का. ह्याच्यापेक्षा रोमँटिक मला तरी काही सुचत नाही, आणि मी नेहमी मारामारीच्या बाजूने असतो.

दोंडाईचा_फास्ट

नवापूरचं बाकडं वाया गेलं. ठीक आहे, दुसऱ्या भागात घ्या.

नाव_नको_आज

आईबद्दल तुम्ही विचारलं होतं आणि ते राहिलंच. मला पण माझ्या आईचा खूप वर्षं राग होता, बापापेक्षा जास्त. मग मला मुलगी झाल्यावर आई बाळंतपण करायला आली, महिनाभर होती, एका दुपारी तेल लावता लावता म्हणाली, तू ताटं वाढायला यायचीस तेव्हा मी मुद्दाम भाकरी करपवायचे. मी म्हटलं का. तर म्हणाली, म्हणजे तो आधी माझ्याकडे वळायचा.

मला तेव्हा काय बोलावं कळलं नाही, अजून पण कळत नाही. माफ केलं असं पण नाही. तुमच्या वैजूच्या आईने पण काहीतरी असं केलेलं असेल, छोटं, कोणाला न दिसणारं, आणि ते पुरेसं नसेल. पुरेसं नव्हतं हे पण लिहा. बांगड्या पाठवल्या म्हणून तिला एकदम देवी करू नका.

आमच्याकडे कानबाईच्या रोटाला (श्रावणातल्या देवीच्या सणाला) घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजतात. मी सात-आठ वर्षांची असताना विचारलं होतं माझ्या नावाचे कुठेयत. आईने माझ्याकडे न बघता एक मूठ जास्तीची टाकली होती. आत्ता लिहिताना आठवलं.

निसवलेली_केळ

ताई, ती मूठ मला द्याल का? वैजूच्या आईला देते. नाही म्हणालात तरी चालेल, राग नाही.

बाकी शेवटची सात प्रकरणं उडवली आज सकाळी. पोटात गोळा आला पण उडवली. निखिलचं मागे मागे चालणं पण गेलं, आता तो रोज दुकानात येऊन एकच डोकेदुखीची गोळी घेतो, पट्टी नाही, एक गोळी, आणि ती विचारते एवढं काय दुखतं तुमचं. नणंदेला फोन करून सांगितलं तर म्हणाली मग आता पोतं कोण होणार, बाप का.

एक बारीक अडलंय. पहिल्याच पानावर आखाजीचा झोका आहे, वैजू सहा वर्षांची, आई तिला मागून झोका देतेय आणि गाणं म्हणतेय, आणि गाणं मधेच थांबतं कारण गाडीचा आवाज आलाय. झोका निंबाला बांधायचा की चिंचेला? आमच्या वाड्यात निंब होता पण सासरकडे म्हणतात चिंचेची फांदी जास्त चिवट.

नाव_नको_आज

घ्या मूठ.

झोका निंबालाच बांधा. आखाजीला निंबोळ्या धरलेल्या असतात, झोका थांबला की वरून चार-दोन अंगावर पडतात.